शटडाउन केला की टचपॅड मेलेला, रीस्टार्ट केला की जिवंत: काही महिन्यांच्या वापरानंतर

या लॅपटॉपची स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी यांवर सगळ्यांचं लिहून झालंय. तिन्ही ठीक आहेत, पुढे चला. माझं भांडण टचपॅडवरून आहे, आणि त्याहून जास्त तो बंद पडल्यावर मला जे ऐकवलं गेलं त्यावरून.

लक्षण असं: सकाळी लॅपटॉप सुरू केला की बाण जागचा हलत नाही. टॅप नाही, क्लिक नाही, दोन बोटांनी स्क्रोल नाही. रीस्टार्ट केला की काही झालंच नव्हतं अशा थाटात चालतो. रात्री शटडाउन केला की सकाळी पुन्हा तेच. ‘माउस लाव की’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एकच. टचपॅडचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत मोजलेत, आता माउसचे वेगळे का मोजू?

हेल्पलाइनवर आधी ‘फॉरमॅट मारा’ झालं. मी नाही म्हटल्यावर थेट ‘पामरेस्टसकट (तळहात टेकतो त्या भागासकट) टचपॅड बदलावा लागेल, वॉरंटीत बसतंय का ते उघडल्यावर कळेल’. उघडण्याचा चार्ज वेगळा. रीस्टार्टला चालणारा पार्ट बदलायचा कशाला, हे मात्र कोणी सांगेना. तिथे माझं डोकं फिरलं.

मग एकेक बघत गेले. वरच्या ओळीतलं फुली मारलेल्या टचपॅडचं बटण, एफएनसोबत आणि एफएनशिवाय, दोन्ही दाबून पाहिलं. कंपनीगणिक त्याची जागा वेगळी, आणि माझ्याकडे त्याला साधा दिवाही नाही. ते नव्हतंच. विंडोज आणि आय दाबून सेटिंग्ज उघडल्या, टॅब आणि बाणांच्या बटणांनी ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’पर्यंत गेले, तर टचपॅडचं पानच गायब! खरा धागा इथे मिळाला. टचपॅड नुसता ऑफ झाला असता तर पान दिसलं असतं आणि खटका बंद दिसला असता. पानच नाही म्हणजे तो विंडोजला दिसतच नाहीये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या यादीत, ‘आय२सी एचआयडी डिव्हाइस’समोर पिवळा त्रिकोण, कोड १०, म्हणजे ‘हे सुरू होऊ शकत नाही’. हल्लीचे बरेचसे टचपॅड आय२सी या दोन तारांच्या जोडणीवरून बोलतात. ती वाट सुरू झाली नाही, तर टचपॅड धडधाकट असूनही मुका.

धडधाकट आहे हे कशावरून? बंद पडलेल्या अवस्थेतच रीस्टार्ट करून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पडद्यावर गेले, तिथे बाण मस्त फिरत होता. (सगळ्या बायॉसमध्ये बाण नसतो; तिथे पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघता येतं.) म्हणजे पॅड आणि त्याची पट्टीसारखी केबल, दोन्ही ठीक. पामरेस्ट बदलण्याचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला.

या सगळ्यात एका गोष्टीबद्दल माझं मत बदललं. घेतल्यापासून मी उजवीकडच्या नंबरपॅडला शिव्या घालत आलेय, कारण त्याच्यामुळे टचपॅड डावीकडे सरकलाय आणि तळहात सारखा त्यावर पडतो. पण डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबून ‘माउस कीज’ चालू केल्या, तर तोच नंबरपॅड माउस झाला. ८ वर, २ खाली, ४ आणि ६ आडवं, ५ म्हणजे क्लिक. गोगलगायीच्या गतीने का होईना, फुकटात काम झालं. शिव्या मागे.

दोष निघाला ‘फास्ट स्टार्टअप’चा. विंडोज ८ पासून आलेली ही सोय चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतोच. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तसेच उचलले जातात. ड्रायव्हर बिघडलेला झोपला की बिघडलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने लोड होतं. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढली आणि दुसऱ्या सकाळी टचपॅड हजर. शिफ्ट धरून शटडाउन केलं तरी तेवढ्यापुरता पूर्ण बंद होतो.

इथपर्यंत मी एकच तारा देणार होते. मग लॅपटॉपच्या मॉडेलच्या पानावरून आधी सीरियल आयओचा (हाच ती आय२सीची वाट चालवतो) आणि मग टचपॅडचा नवा ड्रायव्हर टाकला, फास्ट स्टार्टअप मुद्दाम परत चालू केलं, तरी तक्रार नाही. म्हणजे मूळ दुखणं सोबत आलेल्या जुन्या ड्रायव्हरचं. ती खूण तरीही मी परत काढलीच. एसएसडी असताना वाचणारे दोन-चार सेकंद मला नकोत.

चार्जर लावल्यावर बाण थरथरतो, ते वेगळं प्रकरण. अर्थिंग नसलं की तसं होतं, चार्जर काढला की थांबतं. आणि टचपॅड वर उचललेला दिसला किंवा क्लिक घट्ट झालं, तर यातलं काहीही करू नका. खालची बॅटरी फुगलेली असू शकते. दाबू नका, चार्जिंग बंद करा, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. मी सगळ्यात आधी तेच आडवं धरून तपासलं होतं.

आता तारे तीन. टचपॅड चालू असतो तेव्हा खरंच सुरेख आहे, तीन बोटांनी खिडक्या बदलायची मला सवयच लागलीये. दोन तारे हेल्पलाइनच्या नावाने कापलेत. तिकडे माझी तक्रार ‘ग्राहकाने पार्ट बदलण्यास नकार दिला’ असा शेरा मारून बंद केली आहे.