न मानवणारा पदार्थ शोधायचा कसा? तपासणीचे पॅकेज, डॉक्टर आणि वही यांची तुलना

घशाशी जळजळले तरी पित्त, डोके ठणकले तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच, अशी आपल्या घरांची भाषा असल्यामुळे पोटाची तक्रार वर्षानुवर्षे एकाच शब्दाखाली झाकून राहते. माझी चार वर्षे राहिली. जेवणानंतर तासाभरात पोट नगाऱ्यासारखे फुगायचे, सकाळी दोन-तीनदा जाऊनही पोट साफ झाल्यासारखे वाटायचे नाही आणि ठाण्याहून जलद लोकल पकडली की घाटकोपर येईपर्यंत जीव मुठीत धरून बसावे लागायचे. या त्रासामागे एखादा पदार्थ आहे का, हे शोधण्याचे तीन मार्ग ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला सहज उपलब्ध असतात: घरी येऊन रक्त नेणारे तपासणीचे पॅकेज, पोटविकारतज्ज्ञ, आणि वही हाताशी धरून एकेक पदार्थ वगळून पाहणे. मी तिन्ही केले, पण चुकीच्या क्रमाने, आणि तो क्रम मला महागात पडला.

मार्ग निवडण्यापूर्वी एक फरक लक्षात घ्यावा. मराठीत ‘बाधणे’ आणि ‘न मानवणे’ अशी दोन क्रियापदे आहेत आणि आपण ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. या लेखापुरती मी ती वेगळी ठेवतो. शेंगदाण्याचा एखादा दाणा किंवा कोळंबीचा एक घास पोटात जाताच काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास अडकणे हे बाधणे, म्हणजेच ॲलर्जी. तीत आयजीई नावाची प्रतिपिंडे गुंतलेली असतात, अल्प मात्राही जिवावर बेतू शकते आणि म्हणून घरी प्रयोग न करता थेट ॲलर्जीतज्ज्ञाकडेच जावे. न मानवण्याचे मात्र सारे गणित मात्रेवर चालते. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर ज्यांच्यात कमी असते, त्यांच्यापैकीही बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण पेलाभर दूध, फारसा त्रास न होता पचते. पुढची तुलना या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

पॅकेजपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचे बोट पहिल्यांदा तिकडेच जाते आणि माझेही गेले. एका प्रयोगशाळेचा माणूस सकाळी घरी आला, रक्त घेऊन गेला आणि आठवड्याने रंगीत अहवाल आला: दीडशेच्या वर पदार्थ, त्यांतले अडतीस लाल. लाल रंगात तांदूळ होता, गहू होता, तूरडाळ, दही, अंडे आणि टोमॅटो होता. थोडक्यात, आमच्या स्वयंपाकघरातला किराणाच त्या अहवालात उतरला होता. यात नवल नव्हते, हे मला नंतर कळले. या चाचण्या आयजीजी प्रतिपिंडे मोजतात आणि ती प्रतिपिंडे बहुतांशी एवढेच सांगतात की तो पदार्थ आपल्या खाण्यात आहे. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडातील संघटनेने २०१२ मध्ये अन्न न मानवण्याच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नये, असे स्पष्टपणे सांगितले आहे. महिन्याच्या वाणसामानाएवढे पैसे गेले, त्याचे मला फारसे वाटले नाही. परंतु अहवालावर विसंबून मी पाच महिने गहू बंद केला, आणि खरे नुकसान तेथे झाले.

ते नुकसान दुसऱ्या मार्गावर, म्हणजे डॉक्टरांसमोर बसल्यावर उघड झाले. गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होणाऱ्या सीलिॲक आजाराची पहिली तपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडे मोजणारी रक्तचाचणी (सोबत एकूण आयजीए मोजतात, कारण ते जन्मतःच कमी असेल तर निकाल फसवा येतो). ही प्रतिपिंडे रुग्ण गहू खात असतानाच भरवशाने सापडतात; गहू बंद केला की ती हळूहळू उतरतात, आतडेही भरून येऊ लागते, आणि मग दुर्बिणीतून काढलेल्या आतड्याच्या तुकड्यातही काही दिसेलच असे नाही. डॉक्टरांनी विचारले, “पोळी कधीपासून बंद आहे?” मी अभिमानाने आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. त्यानंतर केवळ तपासणीसाठी मला दीड महिना रोज पोळ्या खाव्या लागल्या आणि तो दीड महिना अजिबात सुखाचा गेला नाही. निकाल सीलिॲक नसल्याचा आला. तो तसाच पहिल्या दिवशी आला असता, तर पाच महिन्यांचा उपद्व्याप वाचला असता.

डॉक्टरांच्या मार्गाचे मोल असे की पदार्थांकडे संशयाने पाहण्याआधी ज्या गोष्टी वगळल्याच पाहिजेत, त्या येथेच वगळल्या जातात. रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, शौचाच्या तपासणीत जिआर्डियासारखे परजीवी, आतड्याला सूज आहे का हे दाखवणारे कॅलप्रोटेक्टिन, आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा आतड्याचा क्षय, हे सगळे येथे पाहिले जाते, कारण अशा आजारांची सुरुवात पोट फुगणे आणि जुलाब यांनीच होऊ शकते. जिआर्डियाची लागण काही काळ दूधही पचेनासे करते, म्हणजे दोष जंतूचा आणि नाव मात्र दुधाचे. औषधांची यादीही सोबत न्यावी, कारण मधुमेहावरील मेटफॉर्मिनने जुलाब होतात, लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडते आणि साखरमुक्त चघळगोळ्यांतील सॉर्बिटॉलनेही वात धरतो. खर्चाची चिंता असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात केसपेपर काढून सुरुवात करता येते. रांगेसाठी अर्धा दिवस धरून चालावा.

या मार्गाची उणीवही सांगितली पाहिजे. सगळे अहवाल स्वच्छ आले की बाहेर पडताना हाती फारसे काही नसते. माझ्या बाबतीत ‘आयबीएस’ असे निदान झाले, म्हणजे तपासणीत इजा न दिसता आतड्याच्या हालचालीत आणि संवेदनेत बिघाड असणे. अशा विकारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६ च्या रोम निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, तिचा शौचाशी संबंध आणि तक्रारीला सुरुवात होऊन सहा महिने झालेले असणे, असे त्याचे स्वरूप ठरवलेले आहे. निदान खरे आहे, पण रात्री जेवायला काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. इसबगोल मात्र उपयोगी पडला, आणि गव्हाच्या कोंड्याने उलट वाढले.

त्या प्रश्नाचे उत्तर वहीत मिळाले. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये ‘फॉडमॅप’ हा शब्द रूढ केला. लहान आतड्यात नीट शोषली न जाणारी, पाणी ओढून घेणारी आणि पुढे मोठ्या आतड्यात आंबून वायू करणारी काही कर्बोदके एकत्र मोजण्याची ही पद्धत आहे. कांदा, लसूण आणि गहू यांतील फ्रुक्टन, राजमा-छोल्यांतील गॅलॅक्टन, फ्लॉवरमधील मॅनिटॉल, आंब्यातील जास्तीचे फ्रुक्टोज आणि दुधातील लॅक्टोज हे त्यातले मुख्य. म्हणजे मिसळीची एक प्लेट समोर ठेवली की कांदा, लसूण, मटकी, बेसनाची शेव आणि पाव असा जवळजवळ सगळा गोतावळा एकत्र येतो. गव्हाचा त्रास होतो पण सीलिॲक नाही, अशा ५९ जणांवर ऑस्लोमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टननेच अधिक त्रास झाल्याचे आढळले. माझ्या पोळीचा उलगडा मला त्यात दिसतो.

खरे तर सुगावा आमच्या घरातच होता. कांदेनवमीला पोटभर भजी खाऊन चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आईचे म्हणणे असे की त्या चार महिन्यांत माझ्या पोटाची कुरकुर ऐकू येत नाही. यावरून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण चातुर्मासात बाहेरचे खाणेही कमी होते. परंतु वहीचे पहिले पान अशाच निरीक्षणाने भरावे. त्यानंतर दोन ते सहा आठवडे हे गट कमी करायचे. ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, भात, अंडी, मासे, भेंडी, दुधी यांवर घर चालते. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तर फोडणीला वास राहतो आणि त्रास टळतो. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते, कडधान्ये भिजवून वरचे पाणी ओतून देण्याने फरक पडतो, आणि हिंग मदतीला येतो. (सीलिॲक असणाऱ्याने मात्र हिंगाच्या डबीवरील घटक वाचावेत, कारण बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते.) दुधाचा हिशेब तर घरीच करता येतो: १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असते, म्हणजे कपभर चहातले ५० मिलिलिटर दूध निर्दोष ठरण्याची शक्यता मोठी, संशय घ्यायचा तो खव्यावर आणि बासुंदीवर. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतेच, आणि चक्क्यातले बरेचसे निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जाते.

या पद्धतीत लोक चुकतात ते पुढच्या टप्प्यावर. बरे वाटले की वगळलेले वगळलेलेच ठेवतात, आणि वर्षभराने ताटात भात-दह्याखेरीज काही उरत नाही. आतड्यातील उपकारक जंतूंनाही हीच कर्बोदके लागतात, हे विसरले जाते. म्हणून एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस वाढत्या मात्रेत, मग दोन-तीन दिवसांची विश्रांती, असे करीत सगळे परत आणून पाहावे. वजन आधीच कमी असलेल्याने, गरोदर स्त्रीने किंवा मुलांच्या बाबतीत हे आहारतज्ज्ञाशिवाय करू नये.

माझा सल्ला विचाराल तर पॅकेज यादीतून काढून टाकावे. कारण नसताना वजन उतरणे, शौचातून रक्त, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे दुखणे, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार यांपैकी काहीही असेल तर वहीत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. यांपैकी काही नसले तरी एकदा जावेच, आणि जाईपर्यंत सगळे खात राहून फक्त नोंदी ठेवाव्यात, वगळणे त्यानंतर. श्वासातील हायड्रोजन मोजून लॅक्टोजची चाचणी करण्याची सोय असेल तर तीही करावी, मात्र त्याआधीच्या चार आठवड्यांत प्रतिजैविके घेतलेली नसावीत.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आज असे लिहिलेले आहे: पोळ्या दोन चालतात, तिसरी नाही. कांदा शिजवलेला, एका जेवणाला चमचाभर. चहा कितीही, बासुंदी वाटीभरही नाही. हापूस अर्धा. राजमा अजून तपासायचा आहे.