स्वस्त मेल होस्टिंग, ११ महिन्यांनंतर: सगळं आहे, एक बटण नाही

रिन्यूअलची नोटीस आलीय. ३ वर्षांचं एकदम भरलं तर ४०% सूट. पैसे भरायच्या आधी हे लिहून काढतो, नाहीतर सूट बघून हात आपोआप पुढे जाईल.

अंबडला आमचं पॅनेल बॉक्सचं छोटं वर्कशॉप आहे. मेलची खाती ६. आधी खात्यामागे महिन्याला १२५ रुपये जायचे, म्हणजे वर्षाला ९,०००. इथे सगळे मिळून २,४००. ६,६०० वाचले या खुशीत पहिले ४ महिने गेले. स्पीड, जागा, फोनवरचं सेटिंग यांबद्दल तक्रार नाही, म्हणून त्यावर लिहीतही नाही.

पाचव्या महिन्यात चाकणच्या गिऱ्हाइकाच्या परचेसमधून फोन आला, "कोटेशन कुठंय?" म्हटलं, परवाच पाठवलं. वेबमेल उघडलं तर बाउन्स, म्हणजे मेल परत आल्याची सूचना, येऊन पडलेला. राखाडी चौकट, आत 'समोरच्या सर्व्हरने संदेश नाकारला' एवढंच, आणि पुढे तीन टिंबं. टिंबांवर क्लिक केलं, डबलक्लिक केलं, माऊस धरून ओढून पाहिलं. ढिम्म. फोनवर तर टिंबंसुद्धा नाहीत.

सपोर्ट म्हणाला, "सर, प्रॉब्लेम समोरच्या सर्व्हरचा आहे." गिऱ्हाइकाचा आयटीवाला म्हणाला, "तुमच्याकडूनच आहे." माझ्याच जीमेलवर टेस्ट मेल टाकायचो, तो दर वेळी जायचा, म्हणून मीही आयटीवाल्यालाच दोष देत बसलो. तीन आठवडे कोटेशनं व्हॉट्सॲपवर पाठवली. शोभतं का ते?

शेवटी भाच्याने वर्कशॉपच्या जुन्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हे मेल वाचायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. तोच बाउन्स त्यात उघडला तर खाली अख्खी चिठ्ठी! नकाराचा कोड ५५०, पुढे ५.७.२४, पुढे सरळ लिहिलेलं की एसपीएफ तपासणीत एरर, डोमेनवर एकापेक्षा जास्त नोंदी. तीन टिंबांच्या मागे तीन आठवडे हेच दडलं होतं.

आणि इथे मला माझेच शब्द गिळावे लागले. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचा त्याची यादी. डोमेनला ती एकच असावी लागते. बिलिंग सॉफ्टवेअरमधून थेट इन्व्हॉइस जावेत म्हणून त्यांनी दिलेली ओळ मी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी असतात तिथे, दुसरी नोंद म्हणून चिकटवली होती. गाडीवर दोन गेटपास दिसले तर वॉचमन दोन्ही बाद करतो, तसंच इथे. जीमेलला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), दोन्हींपैकी एक पास असलं तरी माझ्यासारख्या थोडे मेल पाठवणाऱ्याचं भागतं. माझी डीकेआयएमची सही बरोबर होती, म्हणून टेस्ट मेल जात होता. चाकणचा सर्व्हर एसपीएफ चुकलं की थेट परत पाठवतो. दोन्ही ओळी एकात घातल्या, दुसऱ्या दिवशी कोटेशन पोहोचलं. (असं जोडताना जपून. आतल्या सगळ्या इन्क्लूड (दुसऱ्यांच्या याद्यांचे हवाले) धरून डीएनएस लुकअप, म्हणजे डीएनएसमधल्या चौकश्या, १० च्या वर गेले की ती एकुलती नोंदही बाद.) तेव्हा होस्टिंगवाल्यांना दिलेला १ तारा मी ४ केला. चूक माझी होती.

मग नवव्या महिन्यात आमच्या शेअर्ड आयपीवरच्या (अनेकांत मिळून असलेला सर्व्हरचा पत्ता) कुठल्या तरी शेजाऱ्याने स्पॅम उधळला आणि तो आयपी ब्लॉकलिस्टमध्ये गेला. यांनी आम्हाला दुसऱ्या आयपीवर हलवलं, पण त्याचं रिव्हर्स डीएनएस लावायला विसरले. आयपीवरून उलटं नाव शोधलं तर काही सापडेना, म्हणून दोन गिऱ्हाइकांकडून मेल परत. या वेळी ५.७.२५. हे काम आयपी ज्याच्या ताब्यात त्यालाच करता येतं, मी माझ्या डोमेनमध्ये कितीही बोटं घातली तरी उपयोग नाही.

थंडरबर्डमधली पूर्ण ओळ कॉपी करून तिकिटात टाकली. रात्री सव्वाअकराला उत्तर आलं, तेही मराठीत: "दादा, कळलं, पीटीआर राहिलाय, लावतो." (पीटीआर म्हणजे तीच रिव्हर्स डीएनएसची नोंद.) सकाळी अकाउंटच्या ताईंनी अडकलेले ७ इन्व्हॉइस पुन्हा पाठवले, सगळे गेले. इतका चटपटीत सपोर्ट मला ९,००० वाल्यांकडेही मिळाला नव्हता. मध्ये एकदा ४५१ आला होता, त्याला मात्र काहीच करावं लागलं नाही. ४ ने सुरू होणारा नकार तात्पुरता असतो, सर्व्हर थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो.

म्हणजे माणसं हुशार. त्यांना ती ओळ दिली की रातोरात काम होतं. आणि तीच ओळ त्यांचं स्वतःचं वेबमेल कापून टाकतं! अहो, एक 'पूर्ण दाखवा' बटण. गिऱ्हाइकाला कारण दिसलं तर निम्मी तिकिटं येणारच नाहीत, यांचाच वेळ वाचेल. हे मी तीन वेळा लिहून कळवलं. पहिल्या वेळी 'टीमकडे पाठवलं', दुसऱ्या वेळी 'टीमकडे पाठवलं', तिसऱ्या वेळी आभार.

तर ३ तारे. सवलतीचा मोह टाळून एकाच वर्षाचे २,४०० भरतोय. ६,६०० वाचतात तोवर थंडरबर्ड उघडायचा त्रास परवडतो. बटणाचं तिकीट आत्ता पुन्हा बघितलं. स्टेटस: 'सोडवले, बंद'. खालचं वर्णन वाचायला गेलो, तर तिथेही तीन टिंबं.