कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार: ईसी पेन की टीडीएस मॉड्यूल?
रावेरकडील एका केळी बागायतदारापुढे प्रश्न आहे, की कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार तपासण्यासाठी खिशातला ईसी पेन (पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, मोजणारे उपकरण) घ्यावा, की आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला जोडायचे टीडीएस मॉड्यूल (विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देणारा सेन्सर). मॉड्यूल स्वस्त दिसते, पण बोर्ड व वीजपुरवठा धरल्यास बचत फारशी उरत नाही.

खरा फरक अचूकतेत आहे. दोन्ही उपकरणे वाहकतेवरूनच क्षार ठरवतात, आणि पाण्याची वाहकता दर अंश सेल्सिअसला सुमारे 2 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे मे महिन्यातील खानदेशी उन्हात तापलेल्या टाकीचे पाणी तापमानाची दुरुस्ती न करता मोजल्यास आहे त्याहून खारट भासते. बहुतेक पेनांत ही दुरुस्ती अंगभूत असते, मॉड्यूलला मात्र वेगळा तापमान सेन्सर जोडून ती आपणच करावी लागते. शिवाय प्रचलित मॉड्यूल 1000 पीपीएमपर्यंतच (दशलक्ष भाग पाण्यात 1000 भाग क्षार), म्हणजे साधारण 2 डेसीसीमेन्स प्रति मीटर वाहकतेपर्यंत मोजते, आणि खारी कूपनलिका ही मर्यादा सहज ओलांडते. (पीपीएमचा आकडा ईसीला 0.5 ने गुणून काढला की 0.7 ने, हे वेष्टनावर क्वचितच असते. म्हणून ईसीच वाचावी.)

इलेक्ट्रोडवर थर दोन्हींच्या बसतो, तेव्हा 1413 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर वाहकतेच्या प्रमाणित द्रावणात पडताळणी अटळ आहे.

अनेक विहिरी अधूनमधून तपासणाऱ्याने पेनच घ्यावा. गोड्या पाण्याच्या एकाच टाकीची दिवसरात्र नोंद हवी असलेल्या आणि प्रोग्रॅमिंग जमणाऱ्या शेतकऱ्याला मॉड्यूल उपयोगी पडेल.