स्टिकरवर ४८ व्होल्ट, आत ५ सेल

पुण्यात धायरी-नऱ्हे भागात मी पडद्यांचे रॉड आणि मच्छरजाळ्या बसवून देतो. दिवाळीच्या तोंडावर कामं अंगावर आली होती. जुन्या वायरवाल्या ड्रिलसाठी घराघरात एक्स्टेंशन मागत बसावं लागायचं, म्हणून बॅटरीवरचा घ्यायचा ठरवला. भाच्याला घेऊन रविवार पेठेत गेलो.

दुकानदाराने एक पिवळं-काळं मशीन पुढे केलं. बॅटरीवर मोठ्या अक्षरात ४८ व्होल्ट. ‘दादा, चांगल्या कंपनीचा फक्त १८ व्होल्टचा असतो, हा ४८ चा आहे. भिंत लोण्यासारखी कापतो.’ काउंटरवरचीच बॅटरी लावून त्याने विटेत सरसर भोक पाडून दाखवलं. मला पेटी मात्र आतून आणून दिली, सीलबंद. दोन बॅटऱ्या, चार्जर, बिटचा (भोक पाडायच्या टोकांचा) सेट, सगळं मिळून २,८५० रुपये. नावाजलेल्या कंपनीचा सेट याच्या जवळपास तिप्पट होता. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. माझी पहिली चूक तीच.

पहिल्याच घरी लिंटेलमध्ये, म्हणजे खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीत, दोन भोकं झाली आणि मशीन दमलं. बॅटरी नवीन आहे, दोन-तीनदा चार्ज झाली की सुधारेल, असं मी मनाला समजावलं. चौथ्या दिवशी भाचा जाळीच्या ॲल्युमिनियम पट्टीत स्क्रू मारत होता. बिट पकडणाऱ्या पुढच्या भागाला चक म्हणतात. त्याच्या मागे आकडे लिहिलेली कडी असते, तो क्लच. स्क्रू पूर्ण बसला किंवा अडकला की क्लच कटकट आवाज करून सुटला पाहिजे. पोराने तो ३ वर ठेवला होता. स्क्रू अडकला, क्लच सुटला नाही आणि अख्खं मशीन त्याच्या हातात गर्रकन फिरलं. ‘मामा, हात!’ एवढंच ओरडला. हाड वाचलं, पण मनगट टम्म सुजलं आणि तीन आठवडे पट्टा बांधावा लागला. घरी येऊन मी कडी १ पासून शेवटापर्यंत फिरवून पाहिली. नुसते आकडे छापलेले होते, आत काहीच बदलत नव्हतं. बटण सोडलं तरी चक थोडा वेळ फिरतच राहायचा. चांगल्या मशीनमध्ये तो जागच्या जागी थांबतो.

तेव्हाच ते अडगळीत टाकायला हवं होतं. पण कामं उरली होती. रात्री बॅटरी चार्जिंगला लावून झोपलो. पहाटे बायकोने उठवलं, ‘अहो, कसला तरी गोडसर वास येतोय.’ बॅटरीचं खालचं झाकण फुगून शिवण उघडली होती आणि चार्जरचा दिवा हिरवा होताच. मेन स्विच बंद केला. धूर नव्हता, म्हणून सांडशीने धरून गॅलरीत वाळूच्या घमेल्यात ठेवली. धूर दिसला असता तर हात लावला नसता, सगळ्यांना बाहेर काढून १०१ ला फोन केला असता. तुम्हीही तेच करा. शेजारच्या खोलीत माझी आई झोपली होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ ओळखीचे एक बॅटरी दुरुस्त करणारे आहेत, त्यांनी ती उघडली. (घरी उघडू नका, आतल्या पट्ट्या एकमेकींना लागल्या तर ठिणगी पडते.) आत १० सेलची जागा होती. सेल होते ५, हिरव्या वेष्टनातले, कसलंही नाव नसलेले. उरलेल्या जागेत पुठ्ठा आणि वजन भरायला चिकटवलेली लोखंडी पट्टी. ते म्हणाले, लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ चा. पाच एकापाठोपाठ जोडले की १८, फुल चार्जला २१. कंपन्या १८ व्होल्ट लिहोत की २० व्होल्ट मॅक्स, आत एका ओळीत तेच पाच सेल असतात. ४८ व्होल्टला १३ सेल लागतील, ते या डब्यात मावणारच नाहीत. शिवाय प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किटच नव्हतं. त्यामुळे एखादा सेल आधी भरला तरी चार्जर थांबत नाही. तो सेल ४.२ च्या वर जातो, आत गॅस होतो, फुगतो आणि पेटूही शकतो.

दुकानात गेलो तर ‘ही पेटी आमची नाहीच’ म्हणाले. पेटीवर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही. बंद पेटीवर हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे, हे मला नंतर कळलं. यूपीआयची नोंद आणि फोटो जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा जीएसटीचं पक्कं बिल आधी ठरवा. पेटीत जी बॅटरी मिळणार तीच लावून दाखवायला सांगा. क्लच १ वर ठेवून लाकडात स्क्रू मारायला लावा, कटकट करून सुटलाच पाहिजे. बॅटरीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि R ने सुरू होणारा नंबर शोधा आणि तो बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे टाकून पाहा. आणि मशीन कितीही चांगलं असो, बिट बदलताना आधी बॅटरी काढा, फिरत्या चकजवळ हातमोजे घालू नका, स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, तिथूनच वायर गेलेली असते.

असा ४८ व्होल्टचा डबा घरात असेल तर आज रात्री तो चार्जिंगला लावू नका. ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका, कचरा नेणाऱ्या ताईंच्या गाडीत तो पेटू शकतो. मी दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावून त्या ई-कचऱ्यात दिल्या. चिठ्ठी, पेटी आणि मशीन तक्रारीसाठी जपून ठेवलं आहे.