खोर अल अदैदची अर्ध्या दिवसाची सफर

दोह्यात नोकरीला येऊन सहा वर्षं झाली, पण खोर अल अदैद, म्हणजे कतारच्या दक्षिणेला वाळवंटात शिरलेली समुद्राची खाडी, बघायचं राहूनच गेलं होतं. परवा एका सफर कंपनीची गाडी ठरवली. सीलाईनच्या किनाऱ्यावर टायरमधली हवा कमी केली, पुढे डांबर संपलं.

ड्रायव्हर जाणता निघाला. एका टेकडीपाशी थांबून त्याने वाळूची चंद्रकोर दाखवली. वायव्येकडून हलका चढ, आग्नेयेला एकदम घसरण. शमाल, म्हणजे वायव्येकडून येणारा वारा, या टेकड्या ढकलत ढकलत थेट समुद्रात लोटतो. हिमयुगात आखाताचा तळ कोरडा होता, तेव्हा वाळू तिकडूनही वाहत यायची. आता मध्ये पाणी आहे, म्हणजे जुनी वाळू चालली आणि नवी भर जवळपास बंद! हे ऐकल्यावर मूठभर वाळू हातात धरून मी बराच वेळ तिथेच बसलो. पुढे सबखावर, म्हणजे खारट सपाट जमिनीवर, मिठाचा पापुद्रा पायाखाली करकरला, त्याखाली ओला गाळ.

तक्रार एकच. खाडीकाठी जेमतेम वीस मिनिटं दिली. पलीकडे सौदीचा किनारा दिसतो, ओहोटीचं पाणी सरताना बघायला तासभर तरी हवा. पूर्ण दिवसाचीच सफर घ्या, आणि भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून ठेवा.