पीपीएफ खातं पोस्टातून बँकेत: बदलीची सेवा कशी आहे, कुठे अडते

व्याज जास्त मिळेल म्हणून पीपीएफ (सरकारची पंधरा वर्षांच्या मुदतीची बचत योजना) हलवणार असाल तर तसदी घेऊ नका. दर सरकार ठरवतं. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्क्यांवर आला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिला. ठाण्याचं मुख्य पोस्ट असो की वाशीतली बँक, दर तोच आणि व्याजावरची करमुक्तीही तीच. बदलते ती फक्त सेवा. (ठाण्यात पुष्कळांचा सगळा व्यवहार सहकारी बँकेत असतो. तिथे हे खातं निघत नाही. पोस्ट, सरकारी बँका आणि ठरावीक खाजगी बँका एवढ्यांनाच परवानगी आहे.)

पोस्टाची जमेची बाजू म्हणजे छापील पासबुक आणि रोखीचा भरणा. खातं नौपाड्यात आणि बिऱ्हाड घणसोलीला असेल, तर कर्जाच्या किंवा मुदतवाढीच्या अर्जासाठी सुट्टी काढून ट्रान्स-हार्बर लोकल पकडणं मात्र जिवावर येतं. बँकेचा मोठा फायदा म्हणजे बचत खात्यातून ठरल्या तारखेला आपोआप होणारा भरणा. पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. वर्षाच्या कमाल मर्यादेचे दीड लाख ५ एप्रिलऐवजी ६ तारखेला जमा झाले, तर त्या एका दिवसापायी ८८७ रुपये ५० पैसे गेले. चेक वटायला लागणारे दिवसही यात मोजा.

बदलीसाठी पोस्टात एसबी-१०(बी) अर्ज आणि मूळ पासबुक द्यायचं, नव्या शाखेचा पूर्ण पत्ता लिहायचा. पोस्ट खात्याचा प्रमाणित उतारा, जुना अर्ज, नामनिर्देशन, सहीचा नमुना आणि शिलकीचा चेक किंवा ड्राफ्ट बँकेकडे पाठवतं. बँक केवायसी आणि नामनिर्देशन नव्याने घेते. पासबुक हातातून सोडण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या आणि कागद निघाले की स्पीड पोस्टचा क्रमांक मागून घ्या.

बहुतेक वेळा पहिली अडचण सहीची: बारा वर्षांपूर्वीची सही आणि आजची जुळत नाही, किंवा लग्नानंतर नाव बदललेलं असतं. दुसरी जास्त महाग पडते. बँकेत आलेली सगळी रक्कम ‘नवा भरणा’ म्हणून चढते किंवा खातं उघडल्याची तारीख आजची पडते. मग दीड लाखाची मर्यादा ओलांडल्याचं दिसतं आणि पंधरा वर्षांची मुदत आजपासून नव्याने मोजली जाते. म्हणून पहिला उतारा हाती येताच मूळ तारीख, मुदतीची तारीख, चालू वर्षाचा भरणा आणि वारसाचं नाव तपासा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या.

मार्चमध्ये बदली नकोच. ५ एप्रिलच्या आत जुन्याच खात्यात भरणा करा, ३१ मार्चचं व्याज पासबुकात चढवून घ्या, मग अर्ज टाका. कागद वाटेत असताना जुन्या खात्यात काही भरू नका.

बदलीचा कंटाळा आला म्हणून बँकेत दुसरं खातं उघडणं ही सगळ्यांत वाईट युक्ती. एका व्यक्तीला एकच पीपीएफ. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार दुसरं खातं पहिल्यात विलीन होतं आणि मर्यादेबाहेरची रक्कम बिनव्याजी परत मिळते. अल्पवयीन मुलाच्या नावाने भरलेले पैसेही पालकाच्या दीड लाखातच मोजतात.

फाइलमध्ये जुन्या पासबुकाची झेरॉक्स, दर ३१ मार्चचा उतारा आणि भरणा पावत्या ठेवा. उताऱ्यावरचा व्याजाचा आकडा करमुक्त असला तरी आयकर विवरणपत्रात दाखवायचा असतो. भरलेल्या रकमेवरची आयकर वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०सी) फक्त जुन्या करप्रणालीत.

फाइलच्या पहिल्या पानावर मुदतीची तारीख ठळक लिहा. २० जून २०१२ ला उघडलेलं खातं जून २०२७ मध्ये नव्हे, १ एप्रिल २०२८ ला पिकतं. पुढे भरणा चालू ठेवायचा असेल तर त्यानंतर वर्षाच्या आत मुदतवाढीचा फॉर्म ४ द्यावा लागतो. तो न देता भरलेल्या पैशांवर व्याज मिळत नाही, आणि आपोआप भरणा चालू असेल तर ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.