घरी बांधलेली सीएनसी: गोव्याचा एक पावसाळा काढल्यानंतर

फोंड्याला घरामागच्या पडवीत हे सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारं-कोरणारं यंत्र, उन्हाळ्यात उभं राहिलं आणि चतुर्थीच्या मखरापासून खऱ्या कामाला लागलं. आता दिवाळीही उलटली, तेव्हा त्याच्या खोडी बऱ्यापैकी कळल्यात. खर्च चाळीस हजारांच्या आसपास. तयार मशीनच्या मानाने स्वस्तच, पण घरच्यांना हा आकडा सांगताना मी जरा पुटपुटलो.

सांगाडा ॲल्युमिनियम प्रोफाइलचा, मोटारी नेमा 23 (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्टेपर), त्यांना करंट देणारे ड्रायव्हर टीबी6600, मेंदू म्हणून आर्डुइनो युनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर मोटारी चालवणारं सॉफ्टवेअर जीआरबीएल 1.1. स्पिंडलच्या, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटारीच्या, जागी सुतारांकडे असतो तोच लॅमिनेट ट्रिमर. कामाची जागा 600 बाय 400 मिमी.

माझं मत आधीच सांगतो: कंट्रोलरवर पैसे वाचवा, सांगाडा आणि झेड अक्षावर (ट्रिमर वर-खाली नेणारा) अजिबात नको. युनो 16 मेगाहर्ट्झची 8 बिट चिप आहे, पण जीआरबीएल तिच्याकडून सेकंदाला 30 हजारांपर्यंत पल्स काढून घेतं; एका पल्सला मोटारीची एक स्टेप. मी लाकूड कापतो मिनिटाला 900 मिमी वेगाने. मिमीला 200 स्टेप धरल्या तरी सेकंदाला 3 हजारच झाल्या. महागडा बोर्ड घेऊन करायचं काय?

झेडची गोष्ट वेगळी. किटमध्ये सर्रास टी8 स्क्रू येतो तो 8 मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात नट 8 मिमी सरकतो. आट्यांचा उतार एवढा की मोटारीचा करंट गेला की वरचं वजनच स्क्रू फिरवतं. जूनमध्ये ऐन कोरीवकामात लाइट गेली आणि ट्रिमर थांबता थांबता खाली रुतला. फणसाच्या चांगल्या फळीला भलत्याच ठिकाणी भोक. जीआरबीएलमध्ये मोटारी धरून ठेवायची सेटिंग आहे, पण वीजच नसेल तर ती काय धरणार? झेडला 2 मिमी लीडचा स्क्रू बसवला, जीआरबीएलमधल्या $102 ची (झेडच्या मिमीमागे स्टेप) किंमत 200 वरून 800 केली, तेव्हापासून लाइट गेली तरी ट्रिमर जागचा हलत नाही. वेग चौपट कमी झाला, पण झेडला कुठे धावायचंय.

दुसरा ताप लिमिट स्विचचा, म्हणजे अक्षाच्या टोकाला धक्का लागला की मशीन थांबवणाऱ्या स्विचचा. कशालाही धक्का न लागता मध्येच अलार्म यायचा आणि काम ठप्प. ट्रिमरच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट स्विचच्या वायरींत शिरत होता. शील्डेड केबल घेऊन तिचं शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, इनपुटवर 0.1 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर टाकले, स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी सर्किट जोडलेलं राहील असे) जोडून त्याप्रमाणे $5 ही सेटिंग बदलली. अलार्म बंद. घराचं अर्थिंग मात्र आधी तपासून घ्या. आपल्याकडचा जांभा उन्हाळ्यात खडखडीत सुकतो आणि खड्ड्यात पाणी पडलं नाही तर अर्थिंग नावालाच उरतं.

पावसाळ्यात रेल्सना आठवडाभर हात लावला नाही की तांबूस छटा येते. मशीन ऑइलचं फडकं फिरवायचं आणि कंट्रोलरच्या पेटीत सिलिका जेल ठेवायचं, एवढ्यावर निभावलं. बेडवरचा (फळी ठेवायच्या पाटावरचा) एमडीएफ मात्र जुलैत फुगतोच. एखाद मिमीचा फरक म्हणजे नावाच्या पाटीवर एका टोकाला अक्षर खोल आणि दुसऱ्या टोकाला नुसता ओरखडा. पावसाने उघडीप दिली की बेड पुन्हा फेसिंग करून सपाट करावा लागतो. स्वस्तात बसतं म्हणून अख्खा सांगाडाच एमडीएफचा करणारे आहेत. पुण्यात चालत असेल, इथे नको.

ट्रिमरचा वेग 30 हजार आरपीएम. दोन धारांचं बिट आणि मिनिटाला 900 मिमीचा फीड (पुढे सरकायचा वेग) म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला 0.015 मिमी लाकूड. ते कापलं जात नाही, घासलं जातं, आणि कडा काळ्या पडतात. एका धारेचं बिट लावलं की तोच वाटा 0.03 होतो आणि भुशाऐवजी नीट कापलेले बारीक छिलके पडतात. ॲक्रिलिक मात्र या वेगाला वितळतंच, त्याला वेग कमी करता येणारा ट्रिमर हवा. आवाजाबद्दल काय सांगू? दुपारी एक ते चार, झोपेच्या वेळेत, आमच्या वाड्यावर मशीन लावायची माझी छाती नाही.

अचूकतेचं म्हणाल तर कागदावर एक स्टेप 0.005 मिमी. प्रत्यक्षात स्क्रूवरची ढिलाई घालवणारा स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नट लावूनही मी 0.1 मिमी धरून चालतो. 100 मिमीचा चौकोन कापून दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही 141.4 भरले तर गँट्री (ट्रिमर वाहणारी आडवी कमान) काटकोनात आहे. मखराच्या जाळीला एवढं पुष्कळ झालं, गिअर कापायला नाही.

शेजारच्या मेस्तांनी (सुतारांनी) पहिली जाळी हातात घेऊन उलटसुलट फिरवली आणि विचारलं, "आणि कोपरे कोण करणार, बाब?" 3 मिमीचं बिट आतल्या कोपऱ्यात 1.5 मिमीची गोलाई सोडतंच, त्याला इलाज नाही. त्यांनी पटाशी काढून दोन फटक्यांत एक कोपरा चौरस करून दाखवला. आता जाळ्या मशीन कापतं, कोपरे मेस्त करतात आणि कोपऱ्यामागे पैसे लावतात.